कोल्हापूरहून विजयदुर्गाकडे

कुपवाडचे चार स्नेही डिसेंबरात दोन दिवसांच्या प्रवासास निघाले. चौघेही व्यापारी. त्यांतील हळदीच्या व्यापाऱ्याने तीन पिढ्यांची पेढी बंद करून पुण्यास मुलाकडे जाण्याचे योजिले होते. उरलेल्या तिघांना ते रुचले नव्हते.

पहिला मुक्काम कोल्हापूर. महालक्ष्मी मंदिर नेहमीचे, म्हणून शुक्रवार पेठेतील लक्ष्मीसेन मठात त्यांनी निवांत दर्शन घेतले. शिलाहार विजयादित्याच्या इ.स. ११४३च्या कोल्हापूर येथील शिलालेखात पार्श्वनाथाची अष्टविध पूजा, वसतीची डागडुजी आणि मुनींचा आहार यांसाठी जमीन दिल्याची नोंद आहे. डागडुजीची तरतूद आरंभीच करून ठेवणारा दाता हिशेबी असला पाहिजे!

दुसऱ्या दिवशी गगनबावड्याहून भुईबावडा घाट उतरून ते खारेपाटणास आले. हमरस्त्यावरून भरधाव जाणाऱ्यास हे गाव एरवी जाणवतही नाही. परंतु येथे सापडलेला रट्टराजाचा इ.स. १००८चा ताम्रपट वाचण्याजोगा आहे. परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक गद्याण सोने शैव देवस्थानास द्यावे, असे त्यात लिहिले आहे. “म्हणजे आपला बाजार समितीचा सेसच की!” एकजण उद्गारला. पुढे खाडी गाळाने भरली, मोठी गलबते येईनाशी झाली आणि व्यापार अन्यत्र गेला. जुन्या गॅझेटिअरने आवर्जून नोंदविलेले येथील जैन मंदिर मात्र आहे. काळ्या पाषाणाच्या मूर्तीपुढे हळदीचे व्यापारी बराच वेळ बसून राहिले. दानाची पावती करताना नाव विचारले, तेव्हा त्यांनी स्वतःचे न सांगता पेढीचे सांगितले. तिघांनी एकमेकांकडे पाहिले. बोलले कोणी नाही.

तेथून वाघोटणच्या खाडीच्या बाजूने विजयदुर्ग. शिलाहार भोजाने बांधलेला म्हणून सांगितला जाणारा, पुढे आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे झालेला आणि १७५६ साली इंग्रजांच्या हाती पडलेला हा किल्ला पाहण्यास अर्धा दिवसही अपुरा. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकायचे असल्याने तटावरून लवकर उतरावे लागले. धक्क्याजवळ शिदोरी सोडताना एकाने धीर करून विषय काढलाच.

“परवान्याची मुदत मार्चपर्यंत आहे,” हळदीचे व्यापारी म्हणाले आणि दशमीचा डबा पुढे सरकवला.