ना कुलूप, ना हॉर्न!

शेवटची सायकल कधी चालवलीत? जिममधली नाही हं, खरीखुरी, रस्त्यावरची! आठवायला वेळ लागतोय ना? शाळेत असताना कोपऱ्यावरच्या दुकानातून तासावर भाड्याने आणलेली, हाफ पेडल मारत शिकलेली. मग कॉलेजला बाइक आली, नोकरी लागल्यावर ईएमआयवर कार आली आणि सायकल गेली जिन्याखाली. आता समजा हवा भरून ती बाहेर काढली, तरी चालवायची कुठे? उजवीकडून बस, डावीकडून रिक्षा आणि मागून अखंड हॉर्न. आपल्याकडे सायकलिंग हा छंद कमी आणि धाडस जास्त.

म्हणूनच हॉर्न अजिबात ऐकू न येणाऱ्या एका जंगलाची ही गोष्ट. नेदरलँड्समधलं हे नॅशनल पार्क. नाव जरा जिभेची परीक्षा पाहणारं, 'दे होखे फेलूवे'. त्यातला 'ख' घशातून, खाकरल्यासारखा काढायचा. ॲमस्टेलव्हीनला आयटीत असलेल्या माझ्या आतेबहिणीनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "ट्युलिप, पवनचक्क्या तू फोटोत पाहिल्यायस गं. शनिवारी जंगलात जाऊ. बूट घाल, चपला नकोत."

उचला आणि निघा

ओटरलो नावाच्या छोट्याशा गावातून आपण पार्कच्या गेटवर पोचतो. तिकीट काढायचं आणि आत शिरायचं. समोर ओळीनं उभ्या पांढऱ्याशुभ्र सायकली. लहान, मोठ्या, मागे पोरांसाठी सीट असलेल्या. पार्कात अशा साधारण १८०० सायकली आहेत. डिपॉझिट नाही, फॉर्म नाही, ॲप नाही. आणि कुलूपसुद्धा नाही. आपल्या उंचीची उचलायची आणि निघायचं. वेगळे पैसे शून्य!

सायकल एकदम साधी आहे. गिअर नाहीत, हँडलला ब्रेकही नाही. पेडल उलटं दाबलं की ब्रेक लागतो. पहिली पाच मिनिटं बोटं सवयीनं हँडलवर ब्रेक शोधतात, मग पायांना समजतं. आणि एकदा समजलं की बॉस, जी काही मजा आहे! पार्कात चाळीस किलोमीटरहून जास्त लांबीचे सायकलचे रस्ते आहेत. काही डांबरी रस्त्यांवर जादा पैसे भरून कार नेता येते. पण सायकलवाट वेगळी. ती झाडांत शिरते आणि मोटारीचा आवाज मागे राहतो. मग ऐकू येतो तो टायरखालच्या वाळक्या पानांचा, चेनचा आणि आपल्याच श्वासाचा आवाज. शेजारी शेजारी सायकल चालवत गप्पा मारता येतात, ही चैन मी विसरूनच गेले होते. वर्षभराचं साठलेलं गॉसिप आम्ही पहिल्या पाच किलोमीटरमध्ये संपवलं.

जंगलात वाळवंट

पार्कचं क्षेत्रफळ आहे सुमारे ५४ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या साधारण निम्मं. पण दर दहा मिनिटांनी सीन बदलतो. आधी पाइनचं उंच, काळोखं रान. मग अचानक उघडं माळरान, त्यावर हेदरची झुडपं. ऑगस्टच्या सुमारास हे सगळं माळ जांभळं होतं. आणि मग चक्क वाळू! टेकड्याच्या टेकड्या. समुद्र कुठल्या कुठे, आणि इथे राजस्थान!

ही वाळू माणसाच्या करणीची आहे. शेकडो वर्षं इथे मेंढ्या चरल्या, शेतीसाठी माळावरची माती गवतासकट सोलून नेली. वरचा थर गेला आणि खालची वाळू वाऱ्यावर उडू लागली. पुढे ती अडवण्यासाठी पाइन लावले. म्हणजे 'जंगल' म्हणून आपण ज्याचे फोटो काढतो, त्यातलं बरंचसं हातानं लावलेलं आहे. आणि आता उरलेली उघडी वाळू झाडांखाली जाऊ नये, म्हणून तिथली रोपटी उपटावी लागतात. काय गंमत आहे बघा!

झाडीत व्हॅन गॉग

या सगळ्यामागे आहे एक श्रीमंत जोडपं. अँटोन क्रोलर मोठा उद्योगपती, त्याला शिकारीचा शौक. त्याची बायको हेलेन म्युलर, तिला चित्रांचं वेड. १९०९ पासून त्यानं इथे जमीन घ्यायला सुरुवात केली, ती चित्रं घेत होतीच. पुढे धंद्याला उतरती कळा लागली, तेव्हा सगळं तुकड्या-तुकड्यानं विकलं जाऊ नये म्हणून १९३५ मध्ये जमीन एका ट्रस्टकडे आणि चित्रं सरकारकडे गेली. १९३८ मध्ये जंगलाच्या मधोमध म्युझियम उघडलं, क्रोलर-म्युलर म्युझियम.

गेटपासून तिथे पोचायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. सायकल स्टँडवर लावायची आणि आत जायचं. व्हॅन गॉगची जवळजवळ ९० पेंटिंग्ज आणि १८० च्या वर ड्रॉइंग्ज इथे आहेत. ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियमनंतर जगातला सर्वांत मोठा संग्रह हाच. रात्रीच्या कॅफेचं ते पिवळं-निळं चित्र, आपल्यापैकी अनेकांच्या कॉफी मगवर असतं ना, ते मूळ इथलं. नुकतंच मोकळं आकाश आणि माळ बघून आलेल्या डोळ्यांना त्याची शेतं वेगळीच दिसतात.

एक टीप. बाहेर आल्यावर 'आपली' सायकल जागेवर असेलच असं नाही. कुणीतरी घेऊन गेलेलं असतं. चिडायचं नाही, शेजारची घ्यायची. त्यामुळे कॅरिअरवर बॅग सोडून जायची नाही, एवढं लक्षात ठेवा. नव्या सायकलवर उत्तरेकडे निघालात, की तळ्याकाठी सेंट ह्युबर्टस नावाचं विटांचं शिकारघर लागतं. वास्तुकार बेर्लाखेनं बांधलेलं, १९२० मध्ये पूर्ण झालेलं. त्याचा नकाशा हरणाच्या शिंगांसारखा आहे.

विश्वासाचं गणित

आता तुम्ही म्हणाल, डच लोक प्रामाणिक, म्हणून हे जमतं. अहो, कसलं काय! नेदरलँड्समध्ये सायकलचोरी हा रोजचा विषय आहे. माझी बहीण आपली जुनी सायकल दोन-दोन कुलपं लावून ठेवते.

पांढऱ्या सायकलची कल्पना मुळात शहरातली. १९६५ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये 'प्रोव्हो' नावाच्या बंडखोर पोरांच्या गटानं काही सायकली पांढऱ्या रंगवल्या आणि कुलूप न लावता रस्त्यावर ठेवल्या. कुणीही घ्या, कुठेही सोडा. ल्यूड स्खिमेलपेनिंक नावाच्या तरुणाचा हा प्लॅन. पोलिसांनी त्या जप्त केल्या. कारण काय, तर सायकल कुलूप न लावता ठेवणं नियमाविरुद्ध! शहरात प्लॅन बारगळला. सत्तरच्या दशकात तसल्याच पांढऱ्या सायकली या जंगलात आल्या आणि टिकल्या. का?

मला वाटतं, उत्तर गेटवर आहे. पार्कला कुंपण आहे, आत जायला तीनच गेट, आणि तिकीट आहे. सायकलचा, तिच्या दुरुस्तीचा खर्च त्यातूनच निघतो. बाहेर नेली तर पांढरी सायकल लगेच ओळखू येते. आणि आत सगळ्यांकडेच सायकल आहे, चोरून करणार काय? कारवाल्याला जादा पैसे, सायकलवाल्याला फुकट. कोणाला किती त्रास द्यायचा, हे आधीच ठरवलेलं आहे. चांगुलपणा नंतर आपोआप येतो.

पुण्यात २०१७-१८ मध्ये ॲपवरच्या सायकली आल्या, तेव्हा आपण सगळ्यांनी सेल्फी काढले होते. मग तोडफोड, चोऱ्या आणि थोड्याच काळात सगळं गायब. आपण म्हणालो, 'आपल्या लोकांना सिव्हिक सेन्सच नाही.' ते सोपं होतं. पण त्या सायकली आपण सोडल्या कुठे? बस आणि रिक्षांच्या मधे. त्यांना ना स्वतःचा रस्ता दिला, ना रोज कुणी हवा भरेल याची सोय.

लांडगा आला रे!

अर्थात कुंपणालाही मर्यादा आहेत. दीडशेएक वर्षांनी, २०१९ मध्ये, नेदरलँड्समध्ये लांडग्यांची पिल्लं जन्मली, ती याच फेलूवे भागात. पुढे लांडगे या पार्कातही शिरले आणि क्रोलरनं बाहेरून आणलेल्या मूफ्लॉन या रानमेंढ्यांवर त्यांनी ताव मारला. पार्कवाले म्हणतात, मेंढ्या रोपटी खातात म्हणून माळ मोकळे राहतात. लांडगाप्रेमी म्हणतात, लांडगाच इथला, मेंढी उपरी. भांडण जोरात आहे. आपण काय करायचं? वाट सोडायची नाही, आणि दिसलाच तर अंतर ठेवायचं. आम्हाला दिसली फक्त हरणं, लांबवर, माळाच्या कडेला. आम्ही पेडल उलटं दाबलं. आमच्या मागून आलेलं अख्खं कुटुंबही थांबलं. कुणी काही बोललं नाही. कुणी हॉर्न वाजवला नाही.

जायचंय?

● ॲमस्टरडॅमहून ट्रेननं साधारण तासाभरात एडे-वागेनिंगेन, तिथून ओटरलोची बस. अपेल्डोर्न स्टेशनहूनही बस मिळते.

● म्युझियमचं तिकीट पार्कच्या तिकिटापेक्षा वेगळं. म्युझियम सोमवारी बंद, त्यामुळे सोमवार टाळा.

● हेदर बघायचं तर ऑगस्टच्या आसपास. हरणांच्या नरांचं हंबरणं ऐकायचं तर सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य, भल्या सकाळी किंवा संध्याकाळी.

● विंडचीटर आणि पाण्याची बाटली मस्ट. पाऊस विचारून येत नाही.

● युरोपचं बजेट नाही? राजस्थानातलं भरतपूर गाठा. केवलादेव नॅशनल पार्क २९ चौरस किलोमीटरचं, गेटवर सायकल भाड्याने मिळते आणि पाणथळीच्या मुख्य भागात पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना मनाई आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. सायकलरिक्षावाल्यांना पक्ष्यांची नावं तोंडपाठ असतात, त्यांच्याशी गप्पा जरूर मारा.