दमणगंगेच्या काठी

बडोद्याहून मुंबईकडे जाताना वापीचे स्टेशन आपल्यापैकी बहुतेकांनी गाडीच्या खिडकीतूनच पाहिलेले असते. तेथे उतरण्याचे कारण सहसा पडत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आम्हां उभयतांना ते पडले, आणि ते कारण काहीसे नाजूक होते. आमचे मामा चोपन्न वर्षे सिल्वाशाला राहत होते. वय अठ्ठ्याहत्तर, मामींना जाऊन सहा वर्षे झालेली, मुलगा पुण्यात. "बाबा माझे ऐकत नाहीत. घर बंद करून पुण्याला या, असे तुम्ही तरी त्यांना समजावा," असा मामेभावाचा फोन आला आणि भाच्याने मामांना उपदेश करावयाचा, ही अवघड कामगिरी आमच्या गळ्यात पडली.

वापीहून सिल्वासा पंधरा-सतरा किलोमीटरांवर आहे. वाटेत आधी दादरा लागते, मग गुजरातची एक चिंचोळी पट्टी आणि त्यानंतर नगर हवेली. एवढ्याशा प्रवासात आपण दोनतीनदा सीमा ओलांडतो, पण ते कळते केवळ दारूच्या दुकानांच्या पाट्यांवरून! गुजरातेतील दारूबंदीचा शेजारधर्म या दुकानांनी इमानेइतबारे पाळला आहे. ती ओळ संपली, की दुतर्फा सूतगिरण्यांच्या आणि प्लास्टिकच्या कारखान्यांच्या भिंती सुरू होतात. मात्र त्या भिंतींमागे भातखाचरे अजून आहेत. आम्ही गेलो तेव्हा पाऊस संततधार लागला होता. गुडघाभर चिखलात वाकून वारली बायका भाताची लावणी करीत होत्या, आणि सह्याद्रीत उगम पावून येणारी दमणगंगा लालसर पाण्याने काठोकाठ भरून वाहत होती.

दिवस होता २ ऑगस्टचा, म्हणजे सिल्वाशाच्या मुक्तिदिनाचा. ठिकठिकाणी तिरंगे ओले होऊन काठीला चिकटले होते. १७७९ च्या तहाने पेशव्यांनी या भागाचा महसूल पोर्तुगिजांना लावून दिला, १७८३ मध्ये नगर हवेलीत त्यांचा अंमल बसला, आणि तो उठला १९५४ साली. त्या वर्षी २२ जुलैला दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. मुक्त करणाऱ्यांत आपल्या घरांतून ज्यांची गाणी अजून ऐकू येतात ते सुधीर फडकेही होते. या तुकड्यांतील बहुतेकांनी काम झाल्यावर येथे ठाण मांडले नाही. ते आपापल्या घरी, आपापल्या उद्योगाला परतले. पुढे सात वर्षे येथील पंचायतीने कारभार पाहिला. १९६१ च्या ऑगस्टमध्ये भारतात विलीन होण्याच्या करारावर सही करण्यासाठी कुणीतरी शासनप्रमुख हवा, म्हणून बडलानी या सनदी अधिकाऱ्यांना एका दिवसापुरते पंतप्रधान करण्यात आले. मामा हा किस्सा नेहमी रंगवून सांगत. "एकच चेंडू खेळला आणि सामना जिंकून तंबूत परतला. याला म्हणतात डाव!" असा त्यांचा शेरा असे.

यावरून मामांचा मूळ पिंड वाचकांच्या ध्यानी आलाच असेल. १९७१ साली ते गणिताचे शिक्षक म्हणून या गावी आले, तेव्हा त्यांच्या सामानात एक ट्रंक, एक वळकटी आणि एक ट्रान्झिस्टर होता. त्याच वर्षी अजित वाडेकरांच्या संघाने आधी वेस्ट इंडिजमध्ये आणि मग इंग्लंडमध्ये मालिका जिंकली. तेव्हापासून मामांनी रेडिओवर समालोचन ऐकत चौकटीच्या वह्यांत धावफलक लिहावयास आरंभ केला. अशा बेचाळीस वह्या भिंतीतल्या फडताळात वर्षवार लावलेल्या होत्या. घर बंद करण्याच्या विषयात खरी अडचण हीच होती, असे आम्ही मनाशी ठरवून गेलो होतो.

पोचलो तेव्हा मामा दूरदर्शन संचासमोर नवी वही उघडून बसले होते. लंडनच्या ओव्हल मैदानावर इंग्लंडविरुद्धच्या पाचव्या कसोटीचा तिसरा दिवस होता आणि मुंबईच्या मैदानांवर वाढलेला यशस्वी जयस्वाल खेळत होता. मध्येच कॅमेऱ्याने प्रेक्षकांत बसलेला रोहित शर्मा दाखविला. ७ मे रोजी त्याने कसोटी क्रिकेट सोडल्याचे जाहीर केले होते. पाचच दिवसांनी विराट कोहलीनेही तेच केले. दोघांनीही ही वार्ता जगाला कळविली ती मोबाइलवरून, चार ओळी लिहून. ना शेवटचा सामना, ना मैदानाला फेरी.

मामांची पेन्सिल थांबली. "हा बघ," ते म्हणाले, "तीन महिन्यांपूर्वीपर्यंत संघनायक होता. आज तिकीट काढून आल्यासारखा बसला आहे." त्या दिवशी यशस्वीने ११८ धावा केल्या. रोहितने आपल्याला खेळत राहण्याचा निरोप दिला होता, असे त्याने मागाहून सांगितले.

चहा झाला. बोलणे त्या ओव्हलवरून निघाले आणि आमची कामगिरी बाजूला राहिली. याच मैदानावर १४ ऑगस्ट १९४८ रोजी ब्रॅडमन शेवटचे खेळावयास उतरले. शंभराची सरासरी पुरी होण्यास केवळ चार धावा हव्या होत्या, पण हॉलीजने त्यांचा शून्यावर त्रिफळा उडविला आणि सरासरी ९९.९४ वर कायमची थांबली. याच मैदानावर १९७१ च्या ऑगस्टमध्ये वाडेकरांच्या संघाने इंग्लंडला त्यांच्या घरी हरविले. त्या विजयाच्या स्मरणार्थ इंदूरला भली मोठी बॅट उभारण्यात आली. मामींचे माहेर इंदूरचे. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीस गेलेल्या मामांना मेव्हण्याने घराआधी ती बॅट दाखविण्यास नेले होते.

"आणि चौऱ्याहत्तरला?" आम्ही विचारले.

मामा जरा वेळ गप्प राहिले. १९७४ मध्ये इंग्लंडमध्ये आपण तिन्ही कसोटी हरलो. लॉर्ड्‌सला तर ४२ धावांत सर्व बाद झालो. संतापलेल्या लोकांनी मुंबईत वाडेकरांच्या घरावर दगड फेकले आणि इंदुरातील ती बॅट विद्रूप केली. थोड्याच दिवसांत वाडेकर निवृत्त झाले. वय अवघे तेहतीस.

"मीही त्या वेळी वहीचे पान फाडले होते," मामा म्हणाले. "दगड माझ्या हातात नव्हता, एवढेच. पुढे मामीने ते पान कुठूनसे शोधून खळीने चिकटवून ठेवले. म्हणाली, हिशेब लिहायचा तर पुरता लिहा."

त्यांनी उठून ती वही काढली. फाटलेल्या रेघेवर पिवळी पडलेली कागदाची पट्टी होती.

दुसरी आठवण आमचीही आहे. १९८७ च्या होळीच्या सुट्टीत आम्ही सिल्वाशालाच होतो. त्याच महिन्याच्या सुरुवातीला अहमदाबादला पाकिस्तानविरुद्ध सुनील गावसकरांनी कसोटीतील दहा हजार धावा पुऱ्या केल्या होत्या, जगात सर्वप्रथम. मग बंगलोरची कसोटी आली. चेंडू हातभर वळणारी खेळपट्टी आणि जिंकण्यास २२१ धावा. एकामागून एक गडी परतत असता गावसकर ९६ धावांपर्यंत लढले, बाद झाले, आणि आपण १६ धावांनी हरलो. त्या सामन्याला निरोपाचा सामना असे नाव कुणी दिलेले नव्हते, पण त्यांची ती शेवटची कसोटी ठरली. मामांनी ट्रान्झिस्टर बंद केला आणि छत्री न घेता रणरणत्या उन्हात नदीवर निघून गेले. मामी आम्हांला म्हणाल्या, "जाऊ द्या. चार धावा घेऊनच येतील!" त्या वाक्यावर आम्ही तेव्हा हसलो होतो. नोव्हेंबरात वानखेडेवर विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात गावसकर चार धावांवर बाद झाले आणि तो अध्याय मिटला.

तिसरी आठवण बापलेकांच्या भांडणाची. २ एप्रिल २०११ ला विश्वचषक हाती आला, तेव्हा मामांनी जाहीर केले, की सचिन तेंडुलकरने आता थांबावे. पुढे एकेका डावागणिक मामा तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत. विजय मर्चंट यांच्या नावे सांगितले जाणारे वचन त्यांच्या ओठांवर असे: जाणाऱ्याला लोकांनी 'का जाता?' असे विचारावे. 'का जात नाही?' असे विचारण्याची पाळी येऊ नये. मर्चंट स्वतः १९५१ मध्ये दिल्लीला १५४ धावा करून थांबले. खांद्याच्या दुखापतीने पुढे खेळू दिले नाही. मामेभावाला हे वचन विषासारखे वाटे. सचिनने कराचीत पहिली कसोटी खेळली तेव्हा हा मुलगा शाळेत होता. सचिन खेळतो आहे तोवर आपण तरुण आहोत, असा त्याचा साधा हिशेब. या विषयावरून दोघांनी एकदा दोन दिवस अबोला धरला आणि मामींनी दोघांची ताटे वेगवेगळ्या खोल्यांत वाढली.

१६ नोव्हेंबर २०१३ ला, तुळशीच्या लग्नाच्या दिवसांत, आम्ही सारे या खोलीत होतो. दोनशेवी कसोटी तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधीच संपली होती. आदल्या दिवशी ७४ धावांवर तो बाद झाला होता. त्याचा खेळ पाहण्यास त्याच्या मातुःश्री प्रथमच मैदानावर आल्या होत्या. सचिन हातात नावांची यादी घेऊन बोलला, कुणाचे आभार राहू नयेत म्हणून. मग एकटा खेळपट्टीपाशी गेला, वाकला आणि मातीला हात लावून त्याने तो कपाळाला लावला. दारात शेजारच्या चाळीतील कारखान्याचे कामगार उभे होते; कुणी बिहारचे, कुणी ओडिशाचे, कुणी खानदेशातले. एकाही तोंडातून शब्द निघत नव्हता. मामेभाऊ रडत होता, ते अपेक्षितच होते. पण मामा खुर्चीवरून उठून उभे राहिले होते आणि त्यांच्या हातातील पेन्सिल थरथरत होती.

"बाबा, तुम्हीच ना म्हणत होता, त्याने जावे?"

"म्हणत होतो. म्हणायला काय जाते रे!"

त्यानंतर मामांनी मर्चंटांचे वचन पुन्हा कधी काढलेले आम्ही ऐकले नाही.

त्या रात्री पत्र्यावर वाजणारा पाऊस ऐकत आम्ही विचार करीत पडलो. खेळाडू चाळिशीच्या आत निवृत्त होतो. त्याच्यापुढे अजून अर्धे आयुष्य असते. सुटते ते पाहणाऱ्याचे काहीतरी. मामांचे पहिले घर, मामींचा आवाज, मुलाची शाळा, हे सारे त्या बेचाळीस वह्यांच्या समासात होते. गावसकरांच्या डावात मामींचे वाक्य होते, सचिनच्या डावात बापलेकांचा समेट. एक मोठा खेळाडू थांबला, की आपल्या आयुष्याची एक वही भरते, आणि भरलेल्या वहीत पुढे लिहिता येत नाही. म्हणून आपण कधी 'थांब' म्हणून ओरडतो, कधी 'जा' म्हणून. दोन्हींत भीती एकच असते. ती भीती रागाचे सोंग घेते तेव्हा हातात दगड येतो. १९७४ ला तेच झाले. घराबाहेर, परमुलखात संसार थाटलेल्या आपल्यासारख्यांना तर हे अधिकच लागते. ज्या गावी आपली माणसे थोडी, तेथे रेडिओवरचे ते नाव हाच आपला गाववाला असतो.

सकाळी पाऊस उघडला. मामा आम्हांला नारोलीच्या रस्त्यावरील पुलावर घेऊन गेले. धरणाचे पाणी सोडले असावे. नदी फेसाळत चालली होती. आता विषय काढलाच पाहिजे, म्हणून आम्ही घसा साफ केला, तोच मामा म्हणाले, "तू कशाला आला आहेस ते मला ठाऊक आहे. दिवाळीनंतर जाणार आहे मी. पोराला अजून सांगितले नाही. त्याला आधी थोडे भांडू दे, त्यालाही बरे वाटेल."

आम्ही निरुत्तर झालो. रात्रभर जुळवलेली वाक्ये दमणगंगेत सोडावी लागली.

"आणि वह्या?"

"वह्या तू ने. पुण्याच्या घरात जागा नाही. मात्र फाटलेले पान आहे ती वही माझ्यापाशी राहील."

परतताना पुलाच्या तोंडाशी स्कूटरवरचे एक गृहस्थ आम्हांला पाहून थांबले. केस पिकलेले, पायात चिखलाने भरलेले गमबूट. मामांचे जुने विद्यार्थी, वारली समाजातले. भातलावणीवरून येत होते. वाकून नमस्कार करून म्हणाले, "गुरुजी, ऐकले ते खरे काय? एवढ्यात का जाता?"

मामांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. उत्तर दिले नाही. मग हळूच आमच्याकडे वळून पाहिले. ते हसत होते, आणि डोळे भरलेले होते. मर्चंटांचे वचन त्यांना आठवले असावे. आम्हांला तर आठवलेच. ते उच्चारण्याची गरज दोघांनाही वाटली नाही.

दुपारच्या गाडीने आम्ही बडोद्यास निघालो. वापीच्या फलाटावर वह्यांची ट्रंक उचलताना हमालाने विचारले, "साहेब, यात आहे तरी काय?" आमच्या सौभाग्यवतींनी उत्तर दिले, "माणसे आहेत, जपून ठेव." त्याने खरोखरच ती जपून ठेवली.