वीस किलोंची वाट

कुस्कोहून उरुबांबा नदीच्या कडेने जाणाऱ्या रेल्वेचा ८२ वा किलोमीटर हे काही गावाचे नाव नव्हे, पण इंका ट्रेलची चौकशी करणाऱ्या प्रत्येकाच्या ते तोंडी असते. रुळांशेजारी बस थांबते, नदीवरचा झुलता पूल ओलांडला की पायवाट सुरू होते आणि तीन मुक्काम, चार दिवस, सुमारे ४३ किलोमीटर चालून माचू पिच्चूला पोचते. पुलाअलीकडे चौकी आहे. तिथे ट्रेकरचा पासपोर्ट परवान्याशी ताडून पाहतात, कारण परवाना नावावर असतो आणि तो दुसऱ्याला देता येत नाही. याच चौकीवर एक वजनकाटा असतो, तो पोर्टरांसाठी. तंबू, गॅसची टाकी, पातेली, अंडी, घडीच्या खुर्च्या यांची करकचून बांधलेली बोचकी एकेक करून त्यावर चढतात. आकडा मर्यादेत असला तर बोचके पुन्हा पाठीवर जाते, नसला तर सोडून त्यातले सामान दुसऱ्याच्या ओझ्यात टाकावे लागते. वाटेवर एका दिवशी सुमारे ५०० माणसांनाच सोडतात. त्यांत पर्यटक असतात साधारण २००; बाकीचे वाटाडे, स्वयंपाकी आणि पोर्टर. म्हणजे इंका ट्रेलवर कोणत्याही दिवशी पाहुण्यांपेक्षा कामावरची माणसे जास्त. असे असूनही वाटेचा इतिहास सांगताना राजे येतात, दगड येतात, अमेरिकी प्राध्यापक येतो, आणि ओझे वाहणारा मात्र सोयीसुविधांच्या यादीत जातो. माझे म्हणणे असे की ही वाट पहिल्यापासून ओझ्याची आहे, आणि इंकांच्या कारभारातला जो एक भाग कधीच भग्नावशेष झाला नाही तो हाच.

रस्त्याची बांधणीच याची साक्ष देते. इंका साम्राज्याचा ‘कापाक न्यान’ हा राजमार्ग शाखाउपशाखा धरून सुमारे ३०,००० किलोमीटरचा. कोलंबियापासून चिले-अर्जेंटिनापर्यंत आजच्या सहा देशांत तो पसरला आहे आणि २०१४ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. एवढे जाळे विणणाऱ्या या राज्याकडे गाड्याचे चाक नव्हते, घोडा नव्हता, बैलही नव्हता. होता तो लामा. पंचवीस-तीस किलो घेऊन चालणारा, त्याहून जास्त लादले तर सरळ बसकण मारणारा. त्यामुळे रस्ता आखताना चढाची फिकीर करायचे कारणच नव्हते. जिथे गाडीवाटेने वळसे घेतले असते तिथे इंकांनी पायऱ्या चढवल्या. स्पॅनिश घोडेस्वारांना पुढे या पायऱ्यांनी जेरीस आणले. ठरावीक अंतरावर ‘ताम्बो’, म्हणजे मुक्कामाची ठाणी आणि कोठारे. निरोप पोचवायला ‘चास्की’ नावाचे पळणारे जासूद, एकाने दुसऱ्याच्या हाती निरोप सोपवत पुढे न्यायचा. आणि हे सगळे बांधायला, राखायला ‘मिता’: प्रत्येक घराने पाळीपाळीने राज्याला द्यायचे श्रम. पैशाचे चलन नसलेल्या राज्यात कर भरायचा तो अंगमेहनतीने. पहिल्याच दिवशी वाटेखाली पाताल्याक्ताची वळणदार पायरीशेती दिसते. तिच्यावर मका पिकत असे, आणि तो मका अशाच कामकऱ्यांच्या आणि वर राहणाऱ्यांच्या पोटात जात असावा. बाजूचे फलक त्याकडे वास्तुशिल्प म्हणून पाहायला सांगतात; ते शिधावाटपाचे केंद्र होते असे म्हटले तर चित्र अधिक खरे होते.

इथे जाणकार एक आक्षेप घेतात. माचू पिच्चूकडे जाणारी ही शाखा मालवाहतुकीची नव्हती. पंधराव्या शतकात पाचाकुती या इंका सम्राटाने उभारलेल्या शाही वसाहतीकडे जाणारी ती खाशांची वाट होती, कदाचित यात्रेची. सामान न्यायला नदीकाठची सोपी वाट होतीच. आक्षेप खरा आहे, पण त्याने मुद्दा अधिकच पक्का होतो. इंका राजा पायी जात नसे. तो पालखीतून जाई, आणि पालखीचे भोई म्हणून लुकानास या एका जमातीचीच ख्याती होती. एखाद्या वाटेवर सर्वांत जड ओझे धान्याचे नसून सम्राटाचे असेल, तर ती ओझ्याची वाट नव्हे असे कसे म्हणावे?

दुसऱ्या दिवशी वार्मिवान्युस्काची खिंड येते. उंची सुमारे ४,२०० मीटर, म्हणजे कळसुबाईच्या अडीचपटीहून अधिक. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ साठ टक्क्यांवर उतरलेला असतो. दहा पावले चालावीत, थांबावे, पुन्हा दहा पावले, अशी चाल होते. डोके जड होते, भूक मरते, गाइड कोकाची पाने चघळायला देतो. कुस्को स्वतः ३,४०० मीटरवर असल्याने तिथे दोन-तीन दिवस आधी मुक्काम करा असे सांगतात ते याचसाठी. आणि अशा चढावर मागून ‘पोर्टर!’ अशी हाक येते, सगळे डोंगराच्या अंगाला सरकतात आणि पाठीवर डोक्यापेक्षा उंच बोचके घेतलेला माणूस, कित्येकदा टायरच्या रबराच्या चपला घालून, जवळजवळ धावत पुढे निघून जातो. संध्याकाळी पाहुणे मुक्कामी पोचतात तेव्हा तंबू उभे असतात, हात धुवायला गरम पाणी असते आणि सूप उकळत असते. पाहणारा थक्क होतो आणि एक वाक्य हमखास निघते: ‘यांना सवयच असते.’

या वाक्यात निम्मे विज्ञान आहे. अँडीजच्या पठारावर हजारो वर्षे राहिलेल्या लोकांच्या रक्तात हिमोग्लोबिनचे प्रमाण जास्त असते, विरळ हवेतून ते अधिक प्राणवायू उचलतात. पण हिमोग्लोबिन गुडघ्याची वाटी सांभाळत नाही. वार्मिवान्युस्काच्या पलीकडे उंच-सखल दगडी पायऱ्यांचा लांबलचक उतार आहे; तिथे फुप्फुसाचा प्रश्न नसतो, प्रश्न असतो मणक्याचा आणि सांध्यांचा, आणि त्यांची घडण डोंगराळ माणसातही तुमच्याआमच्यासारखीच असते. सवयीवर भागत असते तर २००१ मध्ये पेरूला पोर्टरांसाठी वेगळा कायदा करावा लागला नसता. त्या कायद्याने एका माणसाच्या ओझ्याला २० किलोंची मर्यादा घातली. त्याआधी मर्यादा होती ती कंपनीच्या मर्जीची. कायदा झाल्यावर सगळे सुरळीत झाले असेही नाही. काट्यावर २० भरलेले ओझे पुढच्या वळणावर २५ होऊ शकते, आणि पोर्टरचे स्वतःचे पांघरूण, कपडे त्यात धरायचे की वेगळे, यावर वाद चालत राहतो.

त्यातून या वाटेवर एक चमत्कारिक गोष्ट घडली आहे, आणि तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. शेजारच्या साल्कान्ताय ट्रेकवर सामान खेचरे वाहतात. इंका ट्रेलवर खेचरांना बंदी आहे, आणि कारण रास्त आहे: त्यांच्या टापांनी इंकाकालीन फरसबंदी उखडते. ट्रेकरच्या काठीच्या लोखंडी टोकालाही रबराचे टोपण लावावे लागते. दर फेब्रुवारीत, ऐन पावसात, डागडुजीसाठी वाट महिनाभर बंद असते. दगडाची ही काळजी उत्तमच आहे. पण तिचा व्यवहारी अर्थ असा की दगड वाचवण्यासाठी जनावराचे ओझे माणसावर आले. पाचशे वर्षांपूर्वी लामा होता; आज, वारसा जपण्याच्या नियमानेच, तोही नाही. वारसा कशाला म्हणायचे याचे उत्तर इथे नियमावलीनेच देऊन टाकले आहे.

तिसरा दिवस या प्रवासाचा गाभा. रुंकुराकायच्या गोल ठाण्यावरून दुसरी खिंड ओलांडली की मूळ फरसबंदी सलग लागते. सायाकमार्काचे अवशेष कड्याच्या नाकावर बसलेले. पुढे खडकातल्या नैसर्गिक फटीला रुंदावून केलेला बोगदा, त्यातही पायऱ्या कोरलेल्या. मग ढगांच्या पातळीवरचे फुयुपातामार्का आणि तिथली ओळीने उतरत जाणारी पाण्याची कुंडे. दरीच्या बाजूने वाटेखालचा बांध पाहावा. काही ठिकाणी तो माणसाच्या उंचीहून मोठा आहे, चुन्याशिवाय रचलेला, आणि त्यातून पाणी निथळून जाण्याची सोय ठेवलेली. माचू पिच्चूच्या पाणीव्यवस्थेचा अभ्यास करणाऱ्या केनेथ राइट या अभियंत्याचा अंदाज असा की तिथल्या बांधकामाचे साठ टक्के श्रम जमिनीखाली आहेत, पायात आणि निचऱ्यात. म्हणजे ज्या श्रमामुळे हे सगळे टिकले त्यातले बहुतेक फोटोत येतच नाहीत.

जे दिसत नाही त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावायची खोड विद्वानांनाही असते. हायरम बिंगहॅम हा अमेरिकी प्राध्यापक २४ जुलै १९११ रोजी माचू पिच्चूला पोचला तो मेल्कोर आर्तेआगा या शेतकऱ्याने वाट दाखवली म्हणून. वर दोन शेतकरी कुटुंबे त्या पायऱ्यांवर पिके काढत होती, आणि भिंतीवर अगुस्तिन लिसारागाने १९०२ मध्येच कोळशाने आपले नाव लिहिले होते. इतक्या माणसांच्या वहिवाटीतली जागा ‘हरवलेली’ ठरली. बिंगहॅमच्याच प्रवासातली दुसरी एक हकिगत मला याहून बोलकी वाटते. विल्काबाम्बाच्या बाजूला मजूर मिळेनात तेव्हा स्थानिक अधिकारी शेतकऱ्याशी हस्तांदोलन करी आणि हातात चांदीचे नाणे सोडी. नाणे हातात आले म्हणजे मजुरी स्वीकारली, आता यावेच लागेल. हे बिंगहॅमने स्वतःच लिहून ठेवले आहे. पुढे माचू पिच्चूच्या थडग्यांतल्या हाडांवरून त्याच्याच मोहिमेतल्या जॉर्ज ईटनने ठरवले की बहुतेक सांगाडे स्त्रियांचे आहेत, आणि त्यातून सूर्यकुमारिकांची रम्य कथा तयार झाली. अस्थितज्ज्ञ जॉन व्हेरॅनो यांनी तीच हाडे पुन्हा तपासली तेव्हा स्त्री-पुरुष जवळजवळ सारखेच निघाले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासाने तर स्पष्टच केले की तिथे पुरलेली माणसे साम्राज्याच्या दूरदूरच्या कोपऱ्यांतली, काही अ‍ॅमेझॉनच्या जंगलाकडची होती. ती राजाच्या वसाहतीवर नेमलेली चाकरमंडळी. ज्यांनी दगड फोडले ते मितावाले यांत बहुधा नसावेत. पाळी संपली की ते आपापल्या गावी परतत. त्यांची थडगी इथे नाहीत, एवढीच त्यांची खूण.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. मिता ही सक्ती होती, आजचा पोर्टर मजुरी घेतो, नको असेल तर येत नाही; दोघांना एका दावणीला बांधणे अन्यायाचे आहे. हे मला मान्य आहे, आणि मधला इतिहास पाहिला तर फरक आणखी मोठा दिसतो. इंका राज्य निदान कामकऱ्याला खाऊपिऊ घालत होते. १५७० च्या दशकात स्पॅनिश व्हाइसरॉय तोलेदोने तोच मिता उचलून पोतोसीच्या चांदीच्या खाणींना जुंपला आणि शिधा गळून नुसती वेठ उरली. प्रजासत्ताक आल्यावरही हासिएंदा, म्हणजे जमीनदारी, राहिली. कुळाने तुकडाभर जमिनीच्या बदल्यात मालकाच्या शेतावर फुकट राबायचे. ती मोडली १९६९ च्या जमीन सुधारणेने, जनरल वेलास्कोच्या राजवटीत. आज बोचके घेऊन चाललेल्या वयस्क पोर्टरच्या वडिलांनी ती वेठ पाहिलेली असू शकते. त्या मानाने परवाना, काटा, ठरलेली मजुरी, संघटना ही खरोखर मोठी मजल आहे. पण मजल किती मोठी आहे हे कळायलाही मागचा पल्ला माहीत असावा लागतो. मिता आणि मजुरी एक आहेत असा माझा दावा नाही. दावा इतकाच की पायऱ्या त्याच आहेत, गावे बहुतेक तीच केचुआ बोलणारी आहेत, आणि ओझ्याची मर्यादा कोण ठरवणार हा प्रश्नही तोच आहे.

मग ट्रेकच करू नये का? असे म्हणणारे लोक भेटतात, आणि त्यांचा हेतू चांगला असतो. पण मका-बटाट्याच्या शेतीत रोख पैसा हाती येत नाही, शाळेची फी बटाट्याने भरता येत नाही. वाट बंद केली तर पोर्टरची पाठ मोकळी होईल आणि खिसाही. दुसरे उत्तर सह्याद्रीतल्या भटक्याला अधिक पटेल: आपली सॅक आपण वाहावी. जरूर वाहावी. पण परवानाधारक गाइडशिवाय या वाटेवर सोडत नाहीत, आणि गाइडबरोबर मुदपाकखाना व तंबूही बहुधा आलेच. स्वतःची झोपण्याची पिशवी उचलल्याने एका बोचक्यातले चार-पाच किलो कमी होतात, बोचकी नाहीशी होत नाहीत.

म्हणून मला त्याहून रुक्ष उपाय पसंत आहे, पैसे भरण्यापूर्वीचा: कंपनीला पत्र लिहून काही प्रश्न विचारावेत. पोर्टर रात्री कुठे झोपतात, जेवणाच्या तंबूतच की त्यांना वेगळा तंबू आणि खाली अंथरायला काही असते? त्यांना खायला पुरेसे मिळते, की पाहुण्यांचे उरले तर? चौथ्या दिवशी पहाटे विन्याय वायनाजवळचा तळ मोडून पाहुणे इंती पुंकू या सूर्यद्वाराकडे निघतात तेव्हा पोर्टर सामान घेऊन खाली धावत सुटतात, स्थानिकांची पहाटेची गाडी गाठायला. माचू पिच्चू त्यांच्या कामात येतच नाही. त्या गाडीचे भाडे कोण देते? काही कंपन्या ही उत्तरे चटकन देतात आणि त्यांचा दर बहुधा जास्त असतो. परवान्याचे शुल्क सरकार ठरवते, ते स्वस्त कंपनीला आणि महाग कंपनीला सारखेच पडते. मग दरातली तफावत नेमकी कुठून काढली आहे, तेही त्याच पत्रात विचारून घ्यावे.