झाकणामागचा पट्टा

टायमिंग बेल्ट कधी ओरडत नाही. बाहेरचा फॅन बेल्ट सैल पडला की नाशिकच्या थंडीत पहाटे असा किंचाळतो की सगळी गल्ली जागी होते. टायमिंग बेल्ट मात्र प्लॅस्टिकच्या झाकणामागे मुकाट फिरत राहतो, आणि आदल्या क्षणापर्यंत काही न सांगता तुटतो. म्हणूनच द्वारकेजवळच्या गॅरेजातले मिस्त्री "बेल्ट गेलाय, ताई, यावर कसारा घाट उतरू नका," असं म्हणाले, तेव्हा खरं-खोटं ठरवायला माझ्याजवळ काहीच नव्हतं. गाडी सुरेख चालत होती. खर्च मात्र दणदणीत होता.

आमची व्हेरिटो डिझेल तशी नाशिकचीच लेक. २००७ साली महिंद्रा आणि रेनो यांची लोगन इथल्या कारखान्यात बनू लागली. पुढे रेनो भागीदारीतून बाहेर पडली आणि २०११ मध्ये तीच गाडी व्हेरिटो झाली. इंजिन मूळचं रेनोचं, १४६१ सीसीचं. त्यात चेन नाही, दातेरी रबरी बेल्ट आहे. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक व्हायला हवा, हा हिशेब तो सांभाळतो. इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांवर असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह त्या मिनिटात १००० वेळा पिस्टनच्या वाटेत उतरतो आणि वेळेत मागे सरतो. त्या जागेत दोघं एकदम मावत नाहीत. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकतात, मग हेड उघडावंच लागतं.

ही भीती प्रामाणिक मिस्त्री दाखवतो आणि लबाडही. दोघांची वाक्यं तंतोतंत तीच असतात, त्यामुळे वाक्यावरून माणूस ओळखता येत नाही.

माझे वडील सातपूरला मायको कारखान्यात होते. डिझेलच्या नोझलांचं काम, सगळा व्यवहार मायक्रॉनमध्ये. घरी कुणी काही बिघडलंय म्हटलं की ते विचारायचे: कुठे? किती? कशामुळे? सातपूर-अंबडच्या भोंग्यांवर वाढलेल्या कितीतरी घरांत हे प्रश्न असेच जेवणाच्या ताटांवरून फिरले असतील. या शहराचं ते खरं धन आहे असं मला वाटतं.

तेच प्रश्न मी मिस्त्रींना विचारले. गाडी फार चाललेली नाही, हेही सांगितलं. ते चिडले नाहीत. "रबर बसून बसूनही म्हातारं होतं, ताई," म्हणाले, वरचं झाकण काढलं आणि टॉर्च माझ्याच हातात दिला. बेल्टच्या पाठीवर बारीक आडव्या भेगा होत्या. एका कडेचे धागे विरलेल्या पदरासारखे सुटले होते, आणि ती कड तेलाने काळी, मऊ पडली होती. कॅमशाफ्टच्या सीलमधून खाली आलेला तेलाचा ओघळही त्यांनी बोटाने दाखवला. "सील तसंच ठेवून नवा बेल्ट टाकला, तर तेल तोही असाच खाईल."

माझं मन तिथे वळलं. खोटं सांगणारा नुकसानापाशी थांबतो, त्याच्या मुळापर्यंत जायची त्याला गरज नसते.

मग मी बाहेरच्या बेल्टचंही विचारलं. हल्लीचे ईपीडीएम रबराचे बेल्ट सहसा भेगाळत नाहीत, त्यांच्या खाचा झिजत जातात, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. मिस्त्रींनी प्लॅस्टिकची छोटी मापपट्टी खाचेत बसवून पाहिली आणि म्हणाले, "हा चांगलाय. राहू द्या."

मी टायमिंग बेल्ट बदलायला सांगितला, सील, टेन्शनर आणि वॉटर पंपासकट. पंपही त्याच बेल्टवर फिरतो, आणि तिथवर पोहोचायची मजुरी मग एकदाच पडते. तुमच्या मिस्त्रींनाही झाकण काढायला सांगा. ते काढून दाखवत असतील, तर गाडी निर्धास्तपणे त्यांच्या हाती द्या.