पर्यटक म्हणे!

प्रिय वन्सं,



विमानाला अजून बराच वेळ आहे. तुमचे दादा भिंतीवरची जुनी लाकडी गवाक्षं, मूर्ती, तोरणं बघत हिंडताहेत. कलासंयोजक राजीव सेठींनी देशभरातून जमवलेल्या हजारो वस्तू मुंबईच्या या टर्मिनल दोनमध्ये मांडल्या आहेत आणि त्यांना वेगळं तिकीट नाही, मग दादांना कसलं सोडवतंय! मी खुर्ची धरून माणसं बघते आहे. दिवाळीनंतर तुम्हालाही लेकीच्या बाळंतपणाला याच वाटेने जायचंय, म्हणून दिसतंय ते लिहून ठेवते. उतरल्यावर या पत्राचा फोटो काढून पाठवीन. फोनवर निम्मं सांगून होतं न होतं तोच तुमच्याकडे कुकरची शिट्टी होते.

रात्रीचा एक वाजत आलाय आणि इथे दादर स्टेशनची संध्याकाळ आहे. पश्चिमेकडची इतकी विमानं मध्यरात्रीनंतरच का, यावर दादांचं व्याख्यान गाडीतच झालं. इथून दोन-तीनला निघालं की युरोपात सकाळी उतरतं आणि पुढची विमानं गाठता येतात. शिवाय फ्रँकफर्टसारख्या ठिकाणी रात्री अकरा ते पहाटे पाच विमानांची ये-जा बंद असते. त्यांची झोप मोडू नये म्हणून जागायचं आपण! (हे माझं, दादांचं नव्हे.)

समोरून मघाशी उमराहला निघालेला एक जथा गेला. पुरुष दोन पांढऱ्या, बिनशिवणीच्या वस्त्रांत, बायकांच्या डोक्याला एकाच रंगाचे रुमाल. हा वेश, म्हणजे एहराम, ज्या हद्दीआधी चढवायचा ती विमान आकाशातच ओलांडतं, म्हणून जेद्दाहला थेट जाणारे इथूनच तयार होऊन निघतात. त्यातल्या दोघीजणी अस्सल रत्नागिरीच्या बोलीत आंब्याच्या कलमांवरून भांडत होत्या. त्यांच्याशी बोलावंसं फार वाटलं, पण निमित्त सापडेना. पूर्वी डिपार्चर कार्ड भरावं लागायचं, तेव्हा पेन मागायच्या निमित्ताने ओळख व्हायची. आखातात निघालेली किती मुलं ‘मॅडम, एवढं भरून द्या’ म्हणत यायची! 2017 च्या जुलैपासून आपल्या लोकांना ते कार्ड राहिलं नाही. वेळ वाचला खरा, पण आता जो तो आपल्या मोबाइलात.

ती मुलं मात्र अजून तशीच दिसतात. नवे कडक बूट, छातीशी धरलेली प्लॅस्टिकची फाइल, एकमेकांना सोडून न बसणारी. दहावी न झालेल्याला नोकरीसाठी सौदी, कतार, कुवेतला जायचं तर 1983 च्या कायद्याने सरकारी परवानगी लागते. करारात पगार किती, काम काय, हे आधी बघतात. विमाही सक्तीचा. कागदावरचं सगळं तिकडे मिळतंच असं नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. पण निदान कागद तरी आहे.

एम. एस. ला निघालेल्या पोरांचं थोडक्यात सांगते. बाहेर काचेपलीकडे आईबाप रडत असतात, आणि आत आल्यावर पाचव्या मिनिटाला पोरं बर्गर खात असतात. तसंच असावं.

आता आपली रांग, म्हणजे व्हीलचेअरची. अमेरिकेच्या विमानाला ती एवढी लांब असते की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, सगळा महाराष्ट्र गुडघ्यांनी बसला. माझ्या शेजारच्या खुर्चीतल्या कोल्हापूरच्या बाई रोज पहाटे रंकाळ्याला फेरी मारतात. म्हणाल्या, “पाय झकास आहेत हो. भीती त्या खिडकीतल्या साहेबाची. ढकलणारा पोरगा बरोबर असला की तो सांभाळून घेतो.” लोक याची थट्टा करतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. साठी उलटल्यावर एकट्या बाईला परक्या इंग्रजीपुढे उभं करायचं आणि वर तिने खुर्ची मागितली म्हणून नाक मुरडायचं, हा कुठला न्याय?

त्या बाई मनातल्या मनात उजळणी करत होत्या: “डॉटर. न्यू जर्सी. सिक्स मंथ्स.” त्यांच्या बॅगेत डिंकाचे लाडू, आळीव, बाळंतशेपा, मेतकूट, भाजणी. तेवीस किलोच्या दोन बॅगा, त्यांत स्वतःच्या साड्या किती असतील, तुम्हीच ओळखा. त्यांचे सहा महिने संपले की जावयाचे आईवडील जाणार, तेही सहा महिने. गिरणीत पाळ्या असत तशा या पाळ्या. व्हिसावर मात्र सगळे पर्यटक! नायगारा एका शनिवार-रविवारी उरकतात. उरलेले दिवस बाळाची आंघोळ, बाळंतिणीचं पथ्य, चौघांचा स्वयंपाक, आणि बर्फ पडला की चार-चार दिवस दाराबाहेर पाऊल नाही.

मला आनंद नसतो असं समजू नका. नातवाच्या ओढीने मीही निघालेच आहे. पण या गेटवर बसलं की जाणवतं, त्या फाइलवाल्या पोरांसारख्या आपणही कामावरच निघालोय. त्यांच्या कामाला करार आहे, आपल्या कामाला माया म्हणतात, आणि मायेला सुट्टी कुठली? आपलाही विमा काढतात म्हणा. पण पाठ आधीपासूनच दुखते, म्हणून ती त्यात बसत नाही.

तर वन्सं, सुकं खोबरं नेऊ नका, ते सामानात चालत नाही. लोणचं हातातल्या पिशवीत ठेवू नका, तपासणीत काढून घेतात. तिकिटाबरोबरच व्हीलचेअर नोंदवून टाका, कोण काय म्हणेल ते म्हणू दे. आणि निघण्याआधी लेकीला फोन करून एवढं कबूल करून घ्या: आठवड्यातला एक दिवस तुमच्या सुट्टीचा. त्या दिवशी स्वयंपाक जावई करतील. तिला सांगायला जड जात असेल तर माझं नाव सांगा.

तुमची,
वहिनी