आकाश धरून ठेवणारा हात

दुर्बिणीची चर्चा बहुधा तिच्या आरशाची आणि भिंगांची होते. ती ज्यावर उभी असते त्या माउंटची क्वचितच. मला मात्र माउंट फिरवणाऱ्या यंत्रणेचेच कुतूहल अधिक वाटत आले आहे. पृथ्वी २३ तास ५६ मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी घेते. त्यामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा अर्ध्या अंशाचे दृष्टिक्षेत्र दोन मिनिटांत ओलांडून जातो. त्याला थोपवण्यासाठी फ्राउनहोफरने १८२४ साली डोर्पातच्या दुर्बिणीला उतरत्या वजनावर चालणारे घड्याळयंत्र जोडले. पुढे मोटर आली, तरी आदर्श तोच राहिला: दाते इतके निर्दोष घडवायचे की चूक होऊच नये.

अलीकडे हौशी निरीक्षकांच्या हाती आलेल्या हार्मोनिक ड्राइव्हने हा आदर्श बाजूला सारला आहे. वॉल्टन मसर यांनी १९५०च्या दशकात शोधलेल्या या रचनेत पोलादाची एक लवचीक, दातेरी वाटी असते. आतल्या लंबवर्तुळाकार चकतीमुळे ती बाहेरच्या कड्यावर दाबली जाते. कड्याला वाटीपेक्षा दोन दाते जास्त असल्याने चकतीच्या एका फेरीत वाटी दोनच दाते मागे सरकते. दात्यांत सैलपणा जवळजवळ उरत नाही आणि प्रतिभाराचे वजनही पुष्कळदा लागत नाही. परंतु तिची आवर्ती चूक चांगल्या वर्म गिअरपेक्षा बरेचदा मोठी असते. म्हणून दुसरा छोटा कॅमेरा एका ताऱ्यावर सतत नजर ठेवतो आणि तो ढळला की मोटरला सावरतो. निर्दोषतेची जबाबदारी अशी घडणीकडून अवधानाकडे आली. या यंत्रणेचे भविष्य मला याच दिशेने दिसते.

अजिंठ्याच्या परिसरात या बदलाला एक व्यावहारिक अर्थही आहे. येथे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम वीस-एकवीस अंशांवर असतो. माउंटचा अक्ष त्याच्याकडे रोखायचा, म्हणजे तो जवळजवळ आडवा होतो आणि प्रतिभाराचा दांडा तिवईच्या पायाला अडण्याची भीती असते. वजनाविना चालणारे माउंट येथे खरोखर सोयीचे.

पण अजिंठ्यामुळे मला आठवतात ती लेण्यांतली आरसेवाली माणसे. विजेचे दिवे येण्यापूर्वी बाहेर आरसा किंवा चकचकीत पत्रा धरून आतल्या चित्रांवर ऊन टाकले जाई. चित्र स्थिर, पण सूर्य तासाला पंधरा अंश पुढे जाणारा. उजेडाचा कवडसा चित्रावरून घसरू लागला की हात आरसा किंचित वळवी. त्या हातापाशी ना घड्याळ होते, ना दाते. केवळ लक्ष होते. मार्गदर्शक कॅमेरा माझ्या मते फ्राउनहोफरच्या घड्याळापेक्षा या हाताचा अधिक जवळचा वारस आहे.

फरक एवढाच, की आरसा धरणाऱ्याला सूर्याची चाल आपल्या मनगटात कळत होती. आता अवधानही यंत्राकडे गेल्यावर पाहणाऱ्याकडे काय उरते? छायाचित्र निश्चितच उत्तम येते. पण पायाखालची पृथ्वी फिरत असल्याची जाणीव हरवते. पाठ्यपुस्तकातले वाक्य म्हणून ती सर्वांनाच ठाऊक असते. अनुभव म्हणून फार थोड्यांना.

म्हणून नव्या मुलांना मी प्रथम मोटर बंद ठेवूनच शनी दाखवतो. तो दृष्टिक्षेत्राच्या कडेला जाऊन नाहीसा होतो, आणि कोणीतरी विचारतेच, की दुर्बीण कोणी हलवली? मोटर सुरू करायची ती या प्रश्नानंतर.