पुढच्या वर्षीं

आकाशांतून शार्क मासे पडत आहेत आणि एक गृहस्थ लांकडें कापावयाची यांत्रिक करवत हातीं घेऊन त्यांना उभे चिरीत आहे, असें दृश्य मी वयाच्या सत्तराव्या वर्षीं तन्मयतेनें पाहत बसेन, असें मला कोणीं पूर्वीं सांगितलें असतें तर मीं त्याच्या प्रकृतीची विचारपूस केली असती! परंतु योग आला खरा. सन २०१८ च्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां चिरंजीवांकडे अमेरिकेंत न्यू जर्सी येथें गेलों होतों. १९ ऑगस्टचा रविवार होता. नऊ वर्षांचा नातू माझा हात धरून मला दूरचित्रवाणीपुढें घेऊन गेला आणि म्हणाला, "आजोबा, आज शेवटचा आहे. आज ते मागें जाऊन सगळें दुरुस्त करणार!"

सूनबाईंनीं स्वयंपाकघरांतून नापसंतीदर्शक भांडें वाजविलें. पण मी बसलों.

हा 'शेवटचा' म्हणजे काय, हें सांगितलें पाहिजे. अमेरिकेंत सायफाय नांवाची एक वाहिनी आहे. तिच्यावर ११ जुलै २०१३ रोजीं 'शार्कनेडो' नांवाचा चित्रपट दाखविण्यांत आला. शार्क आणि टॉर्नेडो, म्हणजे चक्री वादळ, या दोन शब्दांचा सांधा जोडून हें नांव बनविलेलें. समुद्रांतले शार्क वादळानें वर ओढले जातात आणि लॉस एंजेलिस शहरावर त्यांचा वर्षाव होतो, एवढेंच कथानक! असायलम नांवाच्या कंपनीनें तो अगदीं थोड्या पैशांत काढलेला. एका क्षणीं पाऊस, तर दुसऱ्याच क्षणीं लख्ख ऊन. आणि मासे तर असे, कीं एखाद्या शाळकरी मुलानें सुटींत संगणकावर काढले असावेत. लोक हंसले आणि हंसतां हंसतां पाहूं लागले. दरवर्षीं एक, याप्रमाणें २०१८ पर्यंत सहा चित्रपट निघाले. साऱ्यांचे दिग्दर्शक एकच, अँथनी फेरांटे. पांचव्याच्या अखेरीस जगाचा पुरता विध्वंस झालेला. तेव्हां सहाव्यांत नायक फिन हा पहिलें वादळच मुळीं होऊं नये म्हणून काळांत मागें जातो. डायनोसॉरांचें युग, राजा आर्थरचा काळ, अमेरिकेचें स्वातंत्र्ययुद्ध, जेथें जावें तेथें शार्क हजर!

फिनच्या सोबतीला नोव्हा नांवाची एक तरुणी होती. तिच्या लहानपणीं तिच्या आजोबांना समुद्रांत शार्कांनीं खाल्लें होतें, ही हकीकत तिनें पहिल्याच चित्रपटांत सांगितलेली. नातवानें ती मला कानांत सांगितली आणि वर म्हणाला, "तिला आजोबांना वांचवायचें असणार." बोलतांना त्यानें माझा हात जरा घट्ट धरला. पडद्यावरचे मासे रबरी वाटोत कीं कागदी, त्या चिमुकल्या मुठींतली भीति खोटी नव्हती.

पुढच्या आठवड्यांत त्यानें मला त्याच कंपनीचा २००८ सालचा एक चित्रपट दाखविला. नांव '१०० मिलियन बी. सी.', म्हणजे इसवी सनापूर्वीं दहा कोटी वर्षें. त्यांत एक वृद्ध शास्त्रज्ञ आहे. तरुणपणीं, १९४९ सालीं, त्याच्या यंत्रानें गेलेली एक तुकडी प्राचीन काळांत अडकून पडलेली असते. साठ वर्षें होत आलीं तरी त्याला ती विसरतां येत नाहीं. अखेर सैनिक घेऊन तो तिला सोडवावयास जातो. माणसें परत येतात. पण त्यांच्या पाठोपाठ कार्नोटॉरस नांवाचा एक प्रचंड मांसाहारी सरडाहि त्याच दारानें आजच्या लॉस एंजेलिसमध्यें शिरतो! वस्तुतः हा प्राणी सुमारें सात कोटी वर्षांपूर्वीं दक्षिण अमेरिकेंत होऊन गेला. तेव्हां शीर्षकांतच तीन कोटी वर्षांची चूक आहे. पण माझें लक्ष त्या चुकीपेक्षां त्या म्हाताऱ्याकडे लागून राहिलें होतें.

चित्रपट संपल्यावर नातवानें विचारलें, "आजोबा, तुम्हांला असें यंत्र मिळालें तर तुम्ही कोठें जाल?"

मीं तात्काळ उत्तर दिलें, "रायगडावर, १६७४ सालीं, महाराजांचा राज्याभिषेक पाहायला." उत्तर आजोबांना शोभेल असें होतें, मात्र तें खरें नव्हतें.

खरें उत्तर सातारच्या आमच्या जुन्या घरांतल्या माजघराचें होतें, आणि साल १९७६. माझ्या आत्याबाई बालविधवा. माझी आई गेल्यावर त्यांनींच मला वाढविलें. राजा ककुद्मीची भागवतांतली कथा मीं प्रथम त्यांच्याच तोंडून ऐकली. कन्या रेवती हिच्यासाठीं वर विचारावयास तो तिला घेऊन ब्रह्मलोकीं गेला. तेथें गायन चाललें होतें म्हणून क्षणभर थांबला. आणि तेवढ्यांत पृथ्वीवर २७ चतुर्युगें उलटून गेलीं! मनांत योजलेले सारे वर, त्यांचे पुत्र, पौत्र, कोणी कोणी उरलें नाहीं. ही गोष्ट सांगून झाली कीं आत्याबाई म्हणत, "म्हणून विचारायचें तें वेळेवर विचारावें, बाबा."

त्यांनीं वेळेवर विचारलें होतें. त्या वर्षीं चैत्रांत त्या म्हणाल्या, "एकदां काशीला नेशील का रे?" साऱ्या जन्मांत त्यांनीं माझ्याजवळ मागितलेली ती एकच गोष्ट. मी म्हणालों, "पुढच्या वर्षीं नक्की." वैशाखांत मला मुंबईस बँकेची परीक्षा द्यावयाची होती. रजाहि तेवढीच होती आणि पैसेहि तेवढेच. आत्याबाईंनीं पुन्हां विषय काढला नाहीं. त्याच मार्गशीर्षांत त्या गेल्या. दिवस झाल्यावर त्यांच्या पोथ्या आवरतांना खालीं रेल्वेचें एक वेळापत्रक सांपडलें. कोणाकडून आणविलें होतें, देव जाणे! त्यांना तितकीं बारीक अक्षरें दिसत नसत. पण काशीच्या गाडीचें पान दुमडलेलें होतें आणि त्यावर हळदीचें बोट उमटलें होतें.

त्या रात्रीं नातू माझ्याजवळ निजला होता. अंधारांत मीं त्याला ही हकीकत सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग तेथेंच जा ना, आजोबा. परीक्षा देऊं नका."

"परीक्षा दिली नसती तर माझी नेमणूक नागपुरास झाली नसती. नागपुरास गेलों नसतों तर तुझी आजी मला भेटली नसती."

त्यानें मनांत हिशेब मांडला असावा. "म्हणजे बाबा नाहींत. आणि मी पण नाहीं?"

"नाहीं."

"मग जाऊं नका," तो घाईघाईनें म्हणाला, आणि कांहीं वेळानें झोंपलाहि.

मी मात्र जागा होतों. बेचाळीस वर्षें मी त्या माजघरांत मनानें परत परत जात होतों. आत्याबाईंना 'हो' म्हणत होतों, तिकिटें काढीत होतों. या मानसिक प्रवासांत आपण काय खोडूं पाहत आहों, हें कधीं माझ्या ध्यानांत आलें नव्हतें. तें एका स्वस्त चित्रपटानें आणि एका नऊ वर्षांच्या मुलानें दाखवून दिलें. त्यानें माझा दोष तिळमात्र कमी झाला नाहीं; आत्याबाईंची काशी राहिली ती राहिलीच. परंतु एक गोष्ट स्पष्ट झाली. माझ्या घरांत शिरलेलें जनावर भूतकाळांतून आलेलें नव्हतें. तें 'पुढच्या वर्षीं' या दोन शब्दांच्या दारानें आलें होतें; आणि तें दार मीं अजून लावलेलें नव्हतें.

कारण गेल्या दोन आठवड्यांत सौभाग्यवतींनीं दोनदां विचारलें होतें, "नायगाराचा धबधबा येथून फार लांब आहे का हो?" आणि दोन्ही वेळां वर्तमानपत्रांतून मान वर न करतां मीं म्हटलें होतें, "पुढच्या खेपेस पाहूं."

सकाळीं चहाच्या वेळीं मीं चिरंजीवांना विचारलें, "तुला या शनिवारीं सुटी आहे ना? तुझ्या आईला नायगारा पाहायचा आहे."

सौभाग्यवतींच्या हातांतला कप तसाच राहिला. नातू मात्र आनंदानें ओरडला, "पण आजी, तेथें पाणी खूप आहे! करवत बरोबर घ्यायला हवी!"

सूनबाईंनीं पुन्हां भांडें वाजविलें; पण या वेळीं त्या हंसत होत्या.